उजाडल्यावरची शेवंती

जानेवारीची थंडी, पहाटेचे साडेपाच, आणि डॉक्टर मंजुषा विधाते नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून पंचवटीच्या फुलबाजारात चाललेली. मांडीवर पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात रक्तातली साखर मोजायचं मशीन, कापूस, स्पिरिटची बाटली, फॉर्मचा गठ्ठा आणि बिस्किटांचे पुडे. नवरा जीवन कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा आणि पहाटे कोणाशीही बोलायचा नाही. बाजाराच्या तोंडाशी स्कूटर थांबवून "उतर" एवढंच म्हणायचा आणि घरी जाऊन परत झोपायचा.

हे १९९७ साल. मंजुषा चौतीस वर्षांची. नाशिकमधल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती नोकरीला होती. दिवसभर मोतीबिंदू आणि चष्म्याचे नंबर. आणि त्याच्या आधी, त्याच्या नंतर, रविवारी, सणावाराला तिचं ते दुसरं काम, जे तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं आणि जे केल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

साखरेचा आजार झाला की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिजायला लागतात. फुगतात, गळतात. आणि माणसाला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. कळतं त्या दिवशी उशीर झालेला असतो. लेझरने उरलेली नजर वाचवता येते, गेलेली परत येत नाही. मग आधी ओळखायचं तर डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि आतला पडदा बघायचा. पण थेंब घातले की चार-पाच तास सगळं अंधुक. शेतातली माणसं म्हणायची, चार तास आंधळं होऊन बसू, मग गाडीवरची मेथी कोण विकंल? आणि निघून जायची. ती परत यायची ती दोन-चार वर्षांनी, कोणाचा तरी हात धरून.

मंजुषाला ह्यावर एक भलतीच गोष्ट सुचली होती. आणि ती सुचली होती बापामुळे.

तिचे वडील कोंडाजी विधाते, घरातले नाना, मखमलाबादचे. लग्नानंतरही तिने त्यांचंच आडनाव ठेवलेलं. अर्धा एकर शेवंती. शेवंती दोन रंगांची, एक पांढरीशुभ्र आणि एक फिकट पिवळी, इतकी फिकट की लांबून पांढरीच वाटावी. पांढरी लग्नाच्या हारांना जायची, पिवळी देवाला. एका करंडीत दोन्ही मिसळून गेली की व्यापारी करंडी परत पाठवायचा. कोंडाजी दोन्ही फुलं गप्पा मारता मारता निवडायचे, खाली बघायचे पण नाहीत. आणि मग १९८४च्या दिवाळीनंतर त्यांच्या करंड्या परत यायला लागल्या. पांढऱ्यात पिवळी, पिवळ्यात पांढरी. तिची आई गोजराबाई म्हणायची, "सकाळी सकाळी कुठं टाकून आलात का काय?" आणि कोंडाजींनी तर जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. दोन वर्षांनी साखर निघाली. पाचव्या वर्षी एक डोळा गेला, सातव्या वर्षी दुसरा.

मंजुषा तेव्हा शिकत होती. पुढे एका जाड पुस्तकात तिला एक ओळ सापडली, की साखरेच्या काही रुग्णांमध्ये पडद्यावर काही दिसायच्या आधीच निळ्या-पिवळ्या रंगातला फरक कळेनासा होतो. एवढीच ओळ, तीपण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात. ती वाचून ती लायब्ररीत उठून उभी राहिली, खुर्ची मागे पडली, सगळे बघायला लागले. नानांची करंडी. दोन वर्षं आधी ती करंडी ओरडून सांगत होती आणि घरात कोणाला ऐकू आलं नव्हतं.

तर तिने काय केलं, शेवंतीची परीक्षा बनवली. वीस पांढरी फुलं, वीस फिकट पिवळी, एका परातीत मिसळायची. समोर दोन टोपल्या. निवडा म्हणायचं. पिवळ्याच्या देठाच्या तळाला शाईचा बारीक ठिपका, तो बघून चुकलेली मोजायची. पाच मिनिटांचं काम, ना थेंब, ना अंधुक, ना खर्च. आणि करायची कुठे, तर जिथे माणसं आपणहून येतात तिथे, फुलबाजारात.

तिचा एक नियम होता. साखरेच्या माणसाला उपाशी ताटकळत ठेवायचं नाही. उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं तर त्यांना पहिलं घ्यायचं. त्यामुळे दवाखान्यात नोंद असलेले साखरेचे लोक पावणेसहाला रांगेत. बोटाला टोचलं, फुलं निवडली, बिस्किटं-चहा दिला, मोकळे. साखर नसलेले लोक, ज्यांच्याशी तुलना करायची ते, आठनंतर माल विकून निवांत यायचे. दोन हिवाळे तिने हे केलं. बोटं गारठलेली, नाक वाहतंय, आणि बाई जाम खूश.

मार्चमध्ये जीवनने सगळे आकडे मांडले. साखरेचे जे लोक, त्यातले शंभरात एकाहत्तर चुकले होते. साखर नसलेले शंभरात नऊ.

"हे फार चांगलं आहे," जीवन म्हणाला.

"चांगलंच आहे."

"नाही, मी म्हणतोय फारच चांगलं आहे."

मंजुषाने त्याच्या हातातली वही ओढली आणि घरभर नाचली. फारच चांगलं म्हणताना त्याच्या कपाळाला आठी होती, ती तिने पाहिलीच नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिने काहीच पाहिलं नसतं.

पुण्याच्या परिषदेत तिने हे वाचलं तेव्हा मागच्या रांगेतले लोकसुद्धा टाळ्या वाजवत उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाचं पत्र आलं, तुमचा लेख स्वीकारला, एप्रिलच्या अंकात छापू. दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर इंदिरा गायधनी, ज्यांनी आयुष्यात कोणाचं कौतुक केल्याची नोंद नव्हती, त्यांनी स्वतःच्या हाताने मंजुषाला पेढा दिला आणि म्हणाल्या, "अक्षर सुधार. बाकी बरं आहे." लेखावर दुसरं नाव त्यांचं होतं.

आणि मग १९९८च्या जानेवारीत आई बाजारात आली.

लेकीचं नाव पेपरात आलं होतं ना, मग गोजराबाईला बघायचंच होतं ती काय करते ते. टेम्पोतून फुलांच्या करंड्यांबरोबर आली, एका रिकाम्या पोत्यावर बसली, पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि बघत राहिली. सहा वाजलेले. वर दुकानदाराचा शंभर वॅटचा पिवळा बल्ब लोंबकळतोय. खाली टेबल. टेबलाशी दिंडोरीची बयाबाई बसलेली, पंचेचाळिशीची, साखर चार वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. फुलं उचलून उचलून नाकाशी नेत होती.

"ताई, वासावर वळखलं तं चालंल का?" बयाबाई म्हणाली.

"नाही चालणार. डोळ्यांनी बघा."

"डोळ्यानं तं सगळी जुळ्या बहिणी दिसत्यात."

मंजुषाने खुशीत फॉर्मवर लिहिलं, चुका अकरा. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"मंजे, हे काय करती गं?"

"तपासणी, आई. सांगितलं होतं ना."

"दिव्याखाली?"

"मग काय झालं?"

"दिव्याखाली कोण शेवंती निवडतं?" गोजराबाई हसायलाच लागली. "ह्या पिवळ्या बल्बाखाली दोन्ही एकच दिसत्यात. आम्ही उजाडल्याबिगर करंडीला हात नाय लावत. माळ्याची पोर तू, आणि एवढं पण इसरली? लय शिकली का असं होतं?"

बयाबाईपण हसली. "ते तं मी मगाशीच म्हणणार होते. म्हणलं डाक्टरीण हाय, तिला ठावं असंल."

मंजुषा हसली नाही. तिने परात पुढे ओढली, चाळीस फुलं मिसळली आणि स्वतः निवडायला बसली. निवडून झाल्यावर, देठाचे ठिपके न बघता, दोन्ही टोपल्या उचलून बाजाराच्या बाहेर नेल्या, पूर्वेकडे नुकतं फटफटत होतं, तिथे उजेड होईपर्यंत धरून उभी राहिली. आठ चुका. तिला साखर नव्हती, मोतीबिंदू नव्हता, काही नव्हतं.

आणि मग तिला रांग दिसली. म्हणजे रांग रोजच दिसत होती, पण आज ती तशी दिसली. साखरेचे सगळे लोक पावणेसहाला, बल्बाखाली. साखर नसलेले सगळे आठनंतर, उन्हात. दोन हिवाळे. एकूण एक माणूस. तिने आजार मोजलाच नव्हता, तिने दिवा मोजला होता. आणि हे झालं होतं कशामुळे, तर बिचाऱ्यांना उपाशी ठेवायचं नाही ह्या तिच्या मायेमुळे.

ती तिथून जी निघाली ती रिक्षा पकडून थेट जीवनच्या कॉलेजात. त्याचा पहिला तास चालू होता. दारात उभी राहून तिने सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "सगळं चुकलंय." जीवनने खडू खाली ठेवला. तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली. वर्षभराने गेली. आता त्याला कळलं होतं की ती का पडली होती.

"मी रोज तिथे सोडायला यायचो," तो म्हणाला, "एकदा जरी जागा असतो."

दुपारी दवाखान्यात इंदिराबाईंच्या खोलीत मंजुषाने पडदे ओढले, टेबलावर एक पिवळा बल्ब लावला आणि परात ठेवली. इंदिराबाई निवडायला लागल्या. त्या जन्मभर डोळ्यांवर शस्त्रक्रिया करत आल्या, हात जरा हलत नव्हता. पडदे उघडले. नऊ चुका.

त्यांनी चुकलेली फुलं एकेक करून बरोबर टोपलीत टाकली.

"एप्रिलमध्ये छापून येतंय," त्या म्हणाल्या. "छापून आल्यावर दुरुस्ती पाठवता येते. लोक पाठवतात."

"मॅडम, पण ते खरं नाहीये."

"खोटं आहे असंही ठरलेलं नाही."

"मग ठरवूया ना आधी."

"आणि ठरलं की काहीच नाही, नुसता बल्ब होता, तर? तुला पुण्यात परत कोणी उभं करणार नाही. मी दोन वर्षांनी निवृत्त होतेय, माझं सोड. तुझं काय?"

मंजुषाचे डोळे भरून आले, पण छापून येऊ दे म्हणून मान काही हलली नाही. इंदिराबाईंनी ड्रॉवरमधून स्वतःच्या नावाचा पॅड काढून तिच्यासमोर टाकला. "लिही पत्र, लेख मागे घेतोय म्हणून. आणि रडत लिहू नकोस, आधीच तुझं अक्षर असं, संपादकाला वाचता यायला हवं."

पत्र गेलं. पुढचे दोन महिने वाईट गेले. दवाखान्यात पाठीमागे कोणीतरी तिला शेवंतीबाई म्हणायला लागलं, मग तोंडावर म्हणायला लागलं. पुण्याहून एका डॉक्टरने फोन करून इतक्या गोड आवाजात सहानुभूती दाखवली की तिने रिसीव्हर ठेवून उशीला बुक्के मारले. त्या रविवारी ती मखमलाबादला गेली आणि ओट्यावर वडिलांशेजारी बसून खूप रडली. कोंडाजींना दिसत नव्हतं, पण रडणं कुठल्या जातीचं आहे ते त्यांना बरोबर कळायचं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाना, दहा वर्षं मी त्या एका गोष्टीमागे पळतेय आणि ती नव्हतीच."

"कोण म्हणतं नव्हती? मी फुलं कुठं निवडायचो?"

"बांधावर."

"किती वाजता?"

मंजुषाने नाक पुसलं आणि त्यांच्याकडे वळून बघितलं.

"नऊ वाजता," कोंडाजी म्हणाले. "ऊन निस्तं डोक्यावर. तिथं कुठला आला बल्ब? तरी मी चुकायचो, आन् तुझी आई मला बेवडा म्हणायची. आता तुझा दिवा खोटा निघाला त्याला मी काय करू? माझी करंडी खरी हाय."

गोजराबाई आतून म्हणाली, "बेवडा नव्हते म्हणलं. टाकून आलात का म्हणलं होतं."

"एकच."

मंजुषा रडता रडता हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोक्यात नवा फॉर्म तयार व्हायला लागला. त्या ओट्यावरच, नानांच्या औषधाच्या पुठ्ठ्याच्या पाठीमागे, तिने यादी केली. सगळ्यांची परीक्षा उन्हं वर आल्यावर, एकाच अंगणात, एकाच सावलीत. साखरेच्या लोकांचं रक्त आधी घ्यायचं, त्यांना उपमा-चहा द्यायचा आणि मग सगळ्यांना एकत्र बसवायचं, चिठ्ठी टाकून नंबर द्यायचे. कोणाला साखर आहे हे परीक्षा घेणाऱ्याला कळता कामा नये. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांना वगळायचं, कारण पिकलेल्या भिंगातून जग तसंही पिवळंच दिसतं. दोन्हीकडे माणसं साधारण एकाच वयाची. आणि प्रत्येकाच्या डोळ्यात थेंब घालून आतला फोटो, मग कितीही विनवण्या कराव्या लागोत. तो फोटो इंदिराबाई बघणार, नाव न कळता.

परीक्षा कोण घेणार, तर गोजराबाई. कारण फिकट पिवळीतली पांढरी तिच्याइतकी अचूक ओळखणारं दुसरं कोणी मंजुषाला माहीत नव्हतं. नऊवारी नेसून ती पुढच्या हिवाळ्यात बाजारामागच्या एका धर्मशाळेच्या अंगणात रोज बसली. पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. एका बाईची टोपली बघून ती म्हणाली, "बाई, हे डोळे हायेत का बटणं?" आणि ती बाई उठून चालायला लागली.

"आई, तू काही बोलायचं नाही," मंजुषाने बजावलं. "नुसतं मोजायचं."

"निस्तं मोजू? मग माझा दिवस कसा जायचा?"

"मामी, तुम्ही बोललात की सगळे आकडे बिघडतात," जीवन म्हणाला.

"जावईबापू, मग तुम्ही बोलत जा माझ्या वाटणीचं, तुम्ही तं सकाळचं तोंडच उघडत नाय."

पण तिने पाळलं. तोंडात सुपारी धरून बसायची, म्हणजे बोलता येणार नाही. फोटोंचा रोल धुवायला जायचा त्या स्टुडिओवाल्याने पहिले दोन रोल "खराब, सगळीकडे नारिंगी गोळे" असं लिहून परत पाठवले, त्याला डोळ्याचा पडदा दाखवून समजवावं लागलं, मग तो इतका रंगला की लोकांना बोलावून दाखवायला लागला, तेही थांबवावं लागलं. असं करत करत फेब्रुवारी १९९९पर्यंत तीनशे बारा माणसं झाली.

नावांची यादी इंदिराबाईंच्या कपाटात, लाख लावलेल्या पाकिटात. ती उघडायच्या दिवशी मंजुषा पेन्सिल टोकदार करून बसली. जीवन एकेक नंबर वाचत होता, इंदिराबाई पाकिटातल्या यादीवर बोट फिरवून "साखर" किंवा "नाही" म्हणत होत्या, आणि मंजुषा रेघा मारत होती. चाळीस रेघा झाल्या, साठ झाल्या, ती मध्येच थांबून बेरीज करायला बघायची आणि इंदिराबाई पट्टीने टेबलावर टक् करायच्या.

शेवटी आकडा आला. साखरेचे एकशे अठरा. त्यातले चुकणारे एकतीस. साखर नसलेले एकशे चौऱ्याण्णव, त्यातले चुकणारे फक्त अकरा.

एकाहत्तर टक्क्यांचे सव्वीस झाले होते. पण होते. दिवसाच्या लख्ख उजेडात, एकाच अंगणात, एकाच सावलीत, होते. आणि त्या एकतीस जणांपैकी चोवीसांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा इंदिराबाईंना फोटोत आधीच सापडलेल्या होत्या. न चुकलेल्या सत्त्याऐंशींमध्ये अशा खुणा असलेले नऊच. मंजुषा खुर्चीवरून उठली, बसली, परत उठली.

"बस," इंदिराबाई म्हणाल्या. "एकतीसातून चोवीस गेले, उरले किती?"

"सात."

"सात जण चुकतायत आणि त्यांचे पडदे स्वच्छ आहेत. म्हणजे काय?"

म्हणजे हेच तर सगळं होतं. आजार दिसतोय तिथे चुका होतात हे ठीक, पण मग थेंब घालूनच बघावं की. नानांची करंडी तर आधी बोलली होती, दोन वर्षं आधी. हे सात जण म्हणजे एकतर मुळात फुलं नीट न निवडणारी माणसं होती, नाहीतर पडदा खराब व्हायच्या वाटेवर असलेली. कुठलं खरं, हे काळच सांगणार होता. जीवनने दोन नवी पाकिटं केली. एका पाकिटात ह्या सातांच्या पुढच्या तपासणीच्या चिठ्ठ्या टाकायच्या, दुसऱ्यात न चुकलेल्या आणि पडदा स्वच्छ असलेल्या अठ्ठ्याहत्तरांच्या. दोन वर्षांनी सगळ्यांना परत बोलवायचं, सगळ्यांचे डोळे तपासायचे, आणि सातही जण येईपर्यंत पाकिटं उघडायची नाहीत. एकदा घाई करून तोंड पोळलं होतं.

ती दोन वर्षं तिने कशी काढली ते तिलाच माहीत. पत्रं पाठवली, गावोगाव निरोप पाठवले, लग्नांना गेली, बारशांना गेली, कोणी गाव सोडू नये म्हणून अक्षरशः नजर ठेवली. त्यात फुलांचा हंगाम नसताना परीक्षा घेता यावी म्हणून तिने मालेगावहून त्याच दोन रंगांत रंगवलेलं सूत आणवलं, त्याच्या चाळीस गुंड्या, म्हणजे छोटे गोळे, केल्या, आणि त्या गुंड्यांवर दवाखान्यात रोज नवे लोक तपासायला लागली. इंदिराबाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून रोज येऊन बसायला लागल्या.

२००१च्या मार्चपर्यंत अठ्ठ्याहत्तरांतले सत्तर येऊन गेले. सातांतले सहा आले. सातवी आली नाही. सातवी होती बयाबाई.

जीवन म्हणाला, पत्र पाठव. पत्राला उत्तर नाही. मंजुषा मग एका सकाळी बसने दिंडोरीला गेली, तिथून चालत वस्तीवर. बयाबाई द्राक्षाच्या बागेत होती, हातात कात्री, घड तोडून त्यातले बारीक मणी छाटणं चाललेलं.

"मला नाय यायचं," तिने लांबूनच सांगितलं.

"का?"

"मला बारीक मणी दिसत्यात. ह्या कात्रीनं मी दिवसाला किती घड करती इचार मुकादमाला. मग माझ्या डोळ्याला काय धाड भरली?"

"मग चला, मी लिहून देते काही नाही म्हणून."

"आणि असलं तं?"

मंजुषाला इथे पटकन काहीतरी धीर देणारं बोलता आलं असतं. पण ती म्हणाली, "असलं तर मला पाहिजेच आहे, ते मी खोटं नाही सांगत. पण तुम्हाला ते आज कळलेलं बरं. माझ्या वडलांना कळलं तेव्हा करायला काही उरलं नव्हतं."

बयाबाईने कात्री पुसली, तिच्याकडे बघितलं. "लय खरं बोलती तू. डाक्टर लोकांनी थोडं खोटं बोलावं." आणि आली.

दवाखान्यात थेंब घातले, बाहुली मोठी व्हायला अर्धा तास. मग मंजुषाने अंधाऱ्या खोलीत तिच्या डोळ्यात प्रकाश टाकला आणि भिंगातून आत बघितलं. उजवा डोळा, नारिंगी पडदा, रक्तवाहिन्यांच्या फांद्या, आणि तिथे, मध्यभागाच्या जरा बाजूला, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. एक, दोन, चार. दोन वर्षांपूर्वी नव्हते. डाव्यातपण होते. तिच्या तोंडून "येस" निघालं, मोठ्याने, आणि लगेच तिच्या अंगावर काटा आला, कारण हनुवटी टेकवून समोर बसलेला हा नुसता आकडेवारीतला आकडा नव्हता, ती बयाबाई होती.

"काय सापडलं?" बयाबाईने विचारलं.

"सांगते. आधी मॅडम बघू देत."

इंदिराबाईंनी बघितलं, चिठ्ठीवर लिहिलं, मंजुषाने आपल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, जीवनने दोन्ही उघडल्या. सारख्याच. मग त्याने पाकिटं फोडली. सातांपैकी पाच जणांच्या पडद्यावर आता खुणा होत्या. दुसऱ्या पाकिटातल्या सत्तरांपैकी फक्त सहा जणांच्या.

जीवनने आकडे दोनदा तपासले. मग म्हणाला, "हे चांगलं आहे." एकदाच म्हणाला, आणि कपाळ साफ होतं.

मंजुषा बयाबाईच्या पायाशी स्टुलावर बसली. थेंबांमुळे बयाबाईला अजून सगळं अंधुकच दिसत होतं, ती आवाजाच्या दिशेने बघत होती. मंजुषाने तिला सगळं सांगितलं. की ठिपके आहेत, पण बारीक आहेत. की आज लेझरची गरज नाही, नजर पूर्ण आहे. की साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवायचा, दर सहा महिन्यांनी यायचं म्हणजे यायचंच, आणि वेळ आली तर वेळेवर लेझर करायचं, म्हणजे कात्री हातातून सुटणार नाही.

"आणि मी आज आलेच नसते तं?"

"तर एक दिवस कात्री सुटली असती. आणि मला पाकीट उघडता आलं नसतं."

बयाबाईने पदराने डोळ्यांतले थेंब टिपले. मग म्हणाली, "तुमच्या त्या कागदात माझं नाव येणार का?"

"नाव घालत नाहीत. नंबर असतो."

"कितवा?"

"दोनशे सहा."

लेख २००२मध्ये छापून आला, त्याच नियतकालिकात. आकडे लहान होते, टाळ्याही लहान झाल्या, पण ह्या वेळी परगावचे डॉक्टर सुताच्या गुंड्या मागायला लागले. मंजुषाने एक अंक घेतला आणि दिंडोरीची बस पकडली. बयाबाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मराठीपण जेमतेम, पण तक्त्यातला आकडा तिने शोधायला लावला, मंजुषाने बोट ठेवलं, तिने डोळ्याजवळ न नेता, हात लांब धरून, स्वतः वाचला. मग अंक घेऊन शेजारी गेली, तिथून त्याच्या शेजारी गेली, आणि मंजुषा ओट्यावर चहाचा कप धरून ऐकत राहिली, वस्तीच्या त्या टोकाला बयाबाई कोणाला तरी सांगत होती, "हा बघ, दोनशे सहा, ही मी. आणि तू पण जा गं, डोळ्यात दोन थेंब घालत्यात, काय मरत नाय माणूस."